पाणीपट्टी कशी वाटायची? घरटी, माणशी की मीटरप्रमाणे?

तिसरा मजला (धागाकर्ता) | सोमवार, रात्री ९.४०

आमच्या इमारतीत २४ घरं आणि सगळ्यांत मिळून एकच मीटर. बिल आलं की २४ ने भागायचं आणि मोकळं व्हायचं, ही पद्धत इमारत उभी राहिली तेव्हापासूनची. यंदा सेक्रेटरीपद माझ्या गळ्यात पडलं. पहिल्याच बैठकीत पहिल्या मजल्यावरच्या बाईंनी (सत्तरी ओलांडलेली, एकट्या राहतात) अगदी शांतपणे विचारलं, "माझ्या डोक्यावरच्या घरात सात माणसं, खाली मी एकटी. मग दोघांना बिल सारखं कसं?" सातजणांच्या घरातले गृहस्थ लगेच म्हणाले, "लिफ्टचे पैसे तुम्हीही भरताच की. वापरता का लिफ्ट?" झालं. पुढचा दीड तास पाणी बाजूला आणि लिफ्ट, गच्ची, पार्किंग सगळं निघालं.

पुढे आलेले पर्याय असे. आहे तसंच घरटी ठेवायचं. नाहीतर माणसं मोजून माणशी. एकाने घराच्या क्षेत्रफळावर सुचवलं (त्याचं घर सर्वांत लहान आहे, हे सांगायला नकोच). एकाला प्रत्येक घराला स्वतंत्र मीटर हवं आहे. गेल्या महिन्याचा वापर ४५० घनमीटर, यादीप्रमाणे रहिवासी ८३.

तुमच्याकडे कसं करता? आणि जरा मोठा प्रश्न असा की पाण्याचे पैसे मुळात वापरावर घ्यावेत का? की दिवाबत्तीसारखं सगळ्यांनी मिळून भरायचं ते हे बिल आहे?

---

कावळ्याची तहान | सोमवार, रात्री ९.५२

खडे टाकत राहा. पाणी वर येईल, बिलही येईल.

---

अर्धी बादली | सोमवार, रात्री १०.०५

त्या पहिल्या मजल्यावरच्या बाई म्हणजे मीच समजा. एकटी राहते, महिन्यातले दहा-बारा दिवस कामासाठी बाहेर. बिल चार जणांच्या कुटुंबाएवढंच. एकदा बोलून दाखवलं तर "तुमचं कोण वापरतंय एवढं, सोडून द्या ना" असं उत्तर मिळालं. अहो, मी वापरत नाही हीच तर माझी तक्रार आहे! रकमेपेक्षा हे "सोडून द्या" जास्त लागतं. चिकट कोण, तर विचारणारी.

---

खडूस | सोमवार, रात्री १०.२०

माणशी पद्धतीच्या वाटेला जाऊ नका. आम्ही गेलो होतो. ठराव झाला तेव्हा इमारतीत ११२ माणसं होती. वर्षाच्या आत ती कागदावर ८६ झाली. मुलं शिकायला बाहेरगावी गेली, सासूबाई दुसऱ्या मुलाकडे राहायला गेल्या, भाचा "चार दिवसांसाठी" आला होता तो दोन वर्षं पाहुणाच राहिला. सकाळची लिफ्टपुढची रांग मात्र तेवढीच. शेवटी समितीतले दोघं संध्याकाळी घरोघरी डोकी मोजत हिंडायला लागले आणि एका घराने दार उघडायचंच बंद केलं.

शिवाय तान्ह्या बाळाला पूर्ण धरायचं की अर्धं, यावर आमच्याकडे स्वतंत्र बैठक झाली आहे. थट्टा नाही. बाळाच्या आईने सगळ्यांची तोंडं बंद केली, म्हणाली, "बाळ पाणी पीत नाही, पण त्याचे कपडे धुवायला माझं आणि नवऱ्याचं मिळून लागतं त्याहून जास्त लागतं." बाळ पूर्ण धरलं.

---

सरळवाट | सोमवार, रात्री १०.४८

सगळे भागाकारात अडकलात. मुळात पाण्याचं घरगुती बिलच का असावं? पाणी ही निवडीने घ्यायची वस्तू नाही. २८ जुलै २०१० ला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने सुरक्षित पिण्याचं पाणी आणि स्वच्छता हा मानवी हक्क मानला. १२२ देश बाजूने, विरोधात एकही नाही, ४१ तटस्थ. हक्काचं बिल पाठवतात का कुणी?

उत्तर आयर्लंडमध्ये आजही घरांना वेगळी पाणीपट्टी नाही. शेजारच्या आयर्लंडमध्ये २०१४ साली ती नव्याने आणायला गेले तर लोक रस्त्यावर उतरले. त्यांचं म्हणणं सोपं होतं. आम्ही करातून आधीच भरतोय, एकाच गोष्टीचे दोनदा पैसे कसले घेता? २०१६ मध्ये आकारणी थांबवली आणि पुढच्या वर्षी भरलेले पैसे परत केले. करातून पैसे घेतले की ज्याची ऐपत जास्त त्याचा वाटा आपोआप जास्त होतो. मीटर श्रीमंताचं आणि गरिबाचं सारखंच फिरतं.

---

शून्य बाकी | सोमवार, रात्री ११.१५

सरळवाट, जोरदार असहमत.

पहिलं म्हणजे हक्क आहे याचा अर्थ फुकट आहे असा होत नाही. संयुक्त राष्ट्रांच्याच आर्थिक, सामाजिक आणि सांस्कृतिक हक्कांच्या समितीने २००२ साली पाण्याच्या हक्काचा अर्थ लावला, तेव्हा शब्द वापरला तो "परवडणारं". त्याआधी १९९२ च्या डब्लिन परिषदेच्या जाहीरनाम्यात पाण्याला आर्थिक मोल आहे हे स्पष्ट म्हटलं, आणि त्याच कलमात परवडेल अशा किमतीत शुद्ध पाणी मिळण्याचा माणसाचा मूळ हक्क आधी मान्य करा, असंही म्हटलं. दोन्ही गोष्टी एकाच दमात.

दुसरं. करातून भागवायचं म्हटलं की पाणीखातं दरवर्षी सरकारच्या दारात वाडगा घेऊन उभं. रस्ता, शाळा, दवाखाना यांच्या रांगेत जमिनीखालचा गंजका पाइप कधीच पुढे येत नाही, कारण तो कुणाला दिसत नाही. तो फुटतो तेव्हाच दिसतो.

तिसरं. आभाळातून पडतं ते पाणी फुकट, मान्य. आभाळ ते तुमची तोटी या मधल्या प्रवासाचे पैसे असतात.

---

हौद | सोमवार, रात्री ११.२१

आभाळ ते तोटी स्लीपर कोच.

---

नळकरी | सोमवार, रात्री ११.३०

सेक्रेटरीसाहेब, ४५० घनमीटर म्हणजे साडेचार लाख लिटर. ३० दिवस आणि ८३ माणसांनी भागा. माणशी रोज १८० लिटर येतात. बाग आहे का? पोहण्याचा तलाव? नसेल तर आकडा जड वाटतो. वाटणीचं नंतर बघा, आधी एकदा रात्रीचं रीडिंग घ्या.

---

सरळवाट | सोमवार, रात्री ११.४४

@शून्य बाकी, गंजका पाइप दिसत नाही हे खरं. पण बिल लावलं की पाइप दुरुस्त होतो, हे कोणत्या गावचं सत्य? इंग्लंडमध्ये १९८९ साली पाणी कंपन्या खाजगी केल्या, लोक तेव्हापासून नियमित बिलं भरतायत. गळती संपली का?

---

पाटाचं पाणी | मंगळवार, सकाळी ६.५५

नोकरीतली बरीच वर्षं पाणीपुरवठ्यात गेली. सकाळी चार रीडिंग घेतल्याशिवाय अजूनही चैन पडत नाही, म्हणून थोडं लिहितो.

पाणीपुरवठ्याचा खर्च कसा असतो ते आधी बघा. धरण किंवा विहीर, शुद्धीकरण केंद्र, पंप, टाक्या, मैलोन्‌मैल नळ, माणसं. यातलं बहुतेक सगळं तुम्ही तोटी उघडली तरी आणि नाही उघडली तरी लागतंच. प्रत्यक्ष वापराप्रमाणे बदलतो तो मुख्यतः पंपाच्या विजेचा आणि रसायनांचा खर्च, आणि तो एकूण खर्चातला लहान हिस्सा. म्हणजे खर्च बहुतांश ठरलेला आणि वसुली मात्र लिटरवर. इथेच मेख आहे.

केपटाऊनचं उदाहरण घ्या. २०१८ च्या सुरुवातीला धरणं तळाला गेली आणि शहराने माणशी रोज ५० लिटरची मर्यादा घातली. लोकांनी खरोखर वापर निम्म्यावर आणला. कौतुकच आहे. पण विक्री घटली तशी पाणीखात्याची तिजोरीही आटली. मग जुलै २०१८ पासून जोडणीच्या नळाच्या जाडीवर ठरावीक मासिक आकार सुरू झाला. लोक चिडले. आम्ही पाणी वाचवलं म्हणून आम्हालाच दंड का? त्यांचंही चूक नव्हतं आणि खात्याचंही नव्हतं.

म्हणून दोन भागांचं बिल मला त्यातल्या त्यात प्रामाणिक वाटतं. एक ठरावीक आकार, नळ दारापर्यंत आला आहे याचा. दुसरा वापराचा. अर्धी बादलीताई, तुमचं दुःख समजतं, पण तुम्ही दहा दिवस बाहेर असता तेव्हाही नळात दाब लागतोच. तुम्ही परत येऊन तोटी फिरवाल त्या क्षणी पाणी हवं, यासाठी सगळा व्याप चाललेला असतो. तेवढा भाग तुम्ही सातजणांच्या घराइतकाच भरायला हवा. पाण्याचा भाग मात्र नाही.

---

अर्धी बादली | मंगळवार, सकाळी ८.१०

हे पहिल्यांदाच कुणीतरी नीट समजावून सांगितलं. पटलं. "सोडून द्या" पेक्षा शंभर पटीने बरं वाटलं.

---

मृण्मयी_ | मंगळवार, सकाळी ९.३०

पाटाचं पाणी, पण ठरावीक आकार मोठा झाला की गरीब घराचं काय? जो महिन्याला थोडंसंच पाणी वापरतो त्याला प्रत्यक्षात दर लिटर सर्वांत महाग पडणार. त्यापेक्षा टप्प्यांचे दर बरे. पहिला टप्पा अगदी स्वस्त किंवा फुकट, पुढे चढते दर. जीवनापुरतं पाणी सगळ्यांना, चैन करणाऱ्याने मोजावेत.

---

पाटाचं पाणी | मंगळवार, सकाळी १०.०५

मृण्मयी, कागदावर हे इतकं सुंदर दिसतं की मीही वर्षानुवर्षं याचीच वकिली केली. अडचण एकच आहे. मीटर पाणी मोजतं, माणसं मोजत नाही.

एका आवारात तीन भाडेकरू कुटुंबं, नळ एक. तिघांचं पाणी एकाच मीटरमधून जातं, म्हणून ते सरळ वरच्या महाग टप्प्यात. आणि मोठ्या बंगल्यात एकटा राहणारा सद्गृहस्थ स्वस्त टप्प्यात. गरिबासाठी केलेली सोय नेमकी उलटी लागते. दक्षिण आफ्रिकेने २००१ पासून घरटी महिना ६,००० लिटर मोफत हे धोरण घेतलं. हिशेब होता आठ माणसं, माणशी रोज २५ लिटर. आता २५ लिटरमध्ये एक माणूस कसाबसा भागवेल, आणि त्या आवारात माणसं आठाऐवजी सोळा निघाली तर?

दिल्लीत महिन्याला २०,००० लिटरपर्यंत बिल शून्य. पण मर्यादा ओलांडली की फक्त वरच्या पाण्याचे नाही, पूर्ण वापराचे पैसे. म्हणजे एका बादलीने घर उंबऱ्याच्या अलीकडचं पलीकडे जातं. आणि ज्याच्या घरी नळच नाही त्याला या फुकट पाण्यातलं काय मिळालं? मोफत पाण्याची योजना नळवाल्यांसाठी असते, हे फार कुणी बोलत नाही.

---

सरळवाट | मंगळवार, सकाळी ११.००

हा शेवटचा मुद्दा मान्य. जगभर टँकरवर आणि हंड्यावर विकत पाणी घेणारा माणूस दर लिटरमागे नळवाल्यापेक्षा कैक पटीने जास्त मोजतो, आणि तो बहुधा सर्वांत गरीब असतो. त्यामुळे "लोकांची पैसे द्यायची तयारी नाही" हे वाक्य ऐकलं की डोकं फिरतं. सगळ्यात जास्त तर तेच देतायत.

पण म्हणून पैसे आधी, पाणी नंतर, हेही नको. जोहान्सबर्गच्या फिरी वस्तीत प्रीपेड मीटर बसवले. मोफत ६,००० लिटर संपले की मीटर आपोआप बंद. नोटीस नाही, सुनावणी नाही, तुमचा नळ तुमच्याशी बोलायचाच थांबतो. रहिवासी कोर्टात गेले. २००८ साली उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला, माणशी रोज ५० लिटर द्या म्हणाले. २००९ मध्ये संविधान न्यायालयाने तो फिरवून शहराचं धोरण वैध ठरवलं.

याउलट इंग्लंड आणि वेल्समध्ये १९९९ च्या कायद्याने थकबाकीसाठी घराचं पाणी तोडायलाच बंदी आहे. वसुली करा, कोर्टात जा, पण नळाला हात लावायचा नाही. (कंपन्यांना शिव्या घातल्या म्हणून ही चांगली गोष्ट सांगू नये असं थोडंच आहे.)

---

खडूस | मंगळवार, सकाळी ११.१२

म्हणजे इंग्लंडात बिल नाही भरलं तरी पाणी चालू? आणि तरी लोक भरतात? माणसं आहेत की कोण!

---

दूरदेशी | मंगळवार, दुपारी २.२०

मी बेल्जियमच्या फ्लँडर्स भागात राहते. "मीटर माणसं मोजत नाही" यावर इथे काढलेला तोडगा सांगते.

पूर्वी इथे वर्षाला माणशी १५ घनमीटर मोफत होतं. बरीच वर्षं चाललं, मग २०१६ पासून बंद केलं. आता प्रत्येक घराला आधी ३० घनमीटर, शिवाय घरातल्या प्रत्येक माणसामागे आणखी ३० घनमीटर साध्या दराने. त्यापलीकडे गेलात की दर दुप्पट. म्हणजे एकटी असेन तर ६०, चौघं असू तर १५०. घराला म्हणून एक वाटा आणि माणसाला म्हणून एक, दोन्ही आले.

अर्थात हे चालतं कारण इथे कोण कुठल्या पत्त्यावर राहतं याची सरकारी नोंद असते आणि ती खरी असते. खडूस यांच्या भाच्याला इथे दोन वर्षं पाहुणा राहता आलं नसतं.

---

खडूस | मंगळवार, दुपारी २.३१

भाचा माझा नव्हे हो! दुसऱ्या मजल्यावरच्यांचा!

---

हौद | मंगळवार, दुपारी २.३३

सगळे असंच म्हणतात.

---

शून्य बाकी | मंगळवार, दुपारी ३.०५

दूरदेशी यांची पद्धत आवडली. आणखी एक पद्धत चिलीची. तिथे दर सगळ्यांना सारखाच, खर्च भागेल असा. पण ज्या कुटुंबाची ऐपत नाही त्याच्या बिलाचा हिस्सा सरकार परस्पर पाणी कंपनीला भरतं, आणि तोही ठरावीक घनमीटरपर्यंतच. १९८९ च्या कायद्याने सुरू झालं. मदत पाण्याला नाही, माणसाला. मला हे सर्वांत स्वच्छ वाटतं. सरळवाट यांचा कर आणि माझं मीटर, दोघांचं लग्न.

---

सरळवाट | मंगळवार, दुपारी ३.२०

लग्न ठीक आहे, पण "ऐपत नाही" हे सिद्ध करायला खिडकीसमोर उभं कोण राहणार? ज्याला खरी गरज आहे त्याच्याकडेच नेमका तो कागद नसतो. मदत माणसाला द्यायची म्हटलं की आधी त्या माणसाची तपासणी. पाण्याला मदत दिली की कुणाला काही विचारावं लागत नाही. थोडी श्रीमंतांकडे सांडेल, सांडू दे.

---

उगाच | मंगळवार, दुपारी ४.१५

अवांतर: नळाला पाणी यायच्या आधी फुस्स करून हवा येते, तेव्हा मीटर फिरतं का? आमच्याकडे पाणी ठरावीक वेळेलाच येतं आणि मला दाट संशय आहे की मी हवेचे पैसे भरतोय.

---

पाटाचं पाणी | मंगळवार, दुपारी ४.४०

उगाच, तुमचा संशय उगाच नाही. साधं चक्रीचं मीटर हवेनेही फिरतं, कधीकधी पाण्यापेक्षा जोरात. २४ तास दाब असलेल्या नळात ही अडचण येत नाही, कारण नळ रिकामा होतच नाही. पाणी तोडून-तोडून येतं तिथे प्रत्येक वेळी रिकाम्या नळातली हवा आधी तुमच्या मीटरमधून बाहेर पडते. हवा सोडणारा व्हॉल्व्ह ओळीवर योग्य ठिकाणी असेल तर बराच फरक पडतो. तो नसेल आणि मीटरसक्ती केली, तर लोकांचा मीटरवरचा विश्वास पहिल्याच महिन्यात उडतो, आणि एकदा उडाला की परत बसत नाही.

---

कावळ्याची तहान | मंगळवार, दुपारी ४.४४

पाणीपट्टीसोबत पवनपट्टी.

---

मृण्मयी_ | मंगळवार, सायंकाळी ६.००

विश्वासावरून नॉमपेन्ह आठवलं. कंबोडियाची राजधानी. १९९३ साली तिथल्या नळांत सोडलेल्या पाण्यापैकी ७० टक्क्यांहून जास्त पाण्याचा हिशेबच लागत नव्हता. काही गळत होतं, काही चोरलं जात होतं. एक सोन चान नावाचे गृहस्थ पाणीपुरवठ्याचे प्रमुख झाले. त्यांनी घरोघरी मीटर बसवले आणि बड्यांपासून वसुली सुरू केली. एका सेनाधिकाऱ्याने मीटर बसवू देणार नाही म्हणून त्यांच्या डोक्याला बंदूक लावली होती, असं त्यांनीच सांगितलं आहे. ते परत गेले, सशस्त्र पोलीस घेऊन आले आणि त्याचा नळ तोडला. पंधरा-एक वर्षांत बेहिशेबी पाणी १० टक्क्यांच्या खाली आलं, शहराला २४ तास पाणी मिळायला लागलं. २००६ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

सांगायचं हे की तिथे दरही वाढले आणि लोकांनी ते भरले. कारण पाणी आलं, आणि जनरलचा नळ तुटलेला सगळ्यांनी बघितला.

---

सरळवाट | मंगळवार, सायंकाळी ६.२५

छान किस्सा. आणि ही सरकारी संस्था होती हे माझ्याकडून जोडतो. उलटा किस्सा बोलिव्हियातल्या कोचाबांबाचा. १९९९ साली पाणी खाजगी कंपनीकडे दिलं. पाणी सुधारायच्या आधी बिलं वाढली, आणि लोकांनी स्वतः खणलेल्या विहिरींवरही कंपनीचा हक्क चालेल की काय अशी भीती पसरली. २००० साली शहर पेटलं, करार रद्द झाला.

---

शून्य बाकी | मंगळवार, सायंकाळी ६.४०

आणि पुढचं सांगत नाही कुणी. करार रद्द झाला, पण शहराच्या दक्षिणेकडच्या गरीब वस्त्यांत त्यानंतरही वर्षानुवर्षं नळ पोचला नाही. ते टँकरचंच घेत राहिले. कंपनी गेली म्हणून पाइप येत नाही आणि कंपनी आली म्हणूनही येत नाही.

---

सरळवाट | मंगळवार, सायंकाळी ६.४३

तारीख लिहून ठेवा, शून्य बाकींशी सहमत.

---

नळकरी | मंगळवार, रात्री ८.००

बोलिव्हिया, कंबोडिया सगळं फिरून झालं असेल तर रात्रीच्या रीडिंगचं काय झालं? सेक्रेटरीसाहेब, कसं करायचं ते सांगतो. रात्री पंप बंद झाला आणि तळाची टाकी भरली की बाहेरच्या मीटरवर विजेरी मारा. आकड्यांशेजारी काचेत एक बारीक लाल चांदणी असते. टाकी भरलेली असताना ती गप्प बसायला हवी. हळूहळू जरी फिरत असली तरी कुठेतरी पाणी जातंय. घरातल्या फ्लशच्या टाकीसाठी टाकीत थोडी शाई टाका, अर्धा तास फ्लश करू नका. भांड्यात रंग उतरला तर आतलं रबर गेलं समजा. तोटी ठिबकते तिलाही हसू नका. सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला वीसेक लिटर.

---

तिसरा मजला (धागाकर्ता) | गुरुवार, पहाटे ५.५०

नळकरी, दंडवत.

तुमचा पहिला प्रतिसाद मी चक्क ओलांडून पुढे गेलो होतो, कारण मला वाटलं प्रश्न न्यायाचा आहे, रबराचा नाही. काल रात्री साडेअकराला पंप बंद करून मीटरपाशी बसलो. बरोबर सातजणांच्या घरातले गृहस्थ, कारण विजेरी त्यांचीच होती. लाल चांदणी गरगरत होती. आम्ही दोघं पंधरा मिनिटं नुसते बघत बसलो. पहाटे पाचला परत रीडिंग घेतलं. साडेपाच तासांत १.३ घनमीटर. अख्खी इमारत झोपलेली असताना १,३०० लिटर.

पाणी मुरतंय म्हणावं तर भिंती कोरड्या. शेवटी तळटाकीचं झाकण उघडलं. तरंगतं फुगं असतं ना, पाणी वर आलं की नळ बंद करणारं, त्याची दांडी वाकून अडकलेली. टाकी भरली तरी नळ चालूच. वरचं पाणी ओसंडण्याच्या पाइपने गुपचूप मागच्या गटारात. तो पाइप झुडपामागे, कुणाला दिसायचं कारणच नाही. वरचा पंप चालू असतो ते तास सोडले तरी दिवसाला चार हजार लिटरच्या आसपास जात असणार. म्हणजे महिन्याच्या ४५० घनमीटरमधले १२० कुणीच वापरलेले नाहीत.

---

शून्य बाकी | गुरुवार, सकाळी ७.१५

म्हणजे एक चतुर्थांशाहून जास्त. उरलेले ३३० धरले तर माणशी १३० लिटरच्या आसपास येतं. नळकरींचं नाक जबरदस्त आहे.

---

हौद | गुरुवार, सकाळी ७.२२

इमारतीत पंचविसावा सभासद निघाला. गटार.

---

अर्धी बादली | गुरुवार, सकाळी ८.३०

मग आता वाटणीचं काय ठरलं? गळतीचा शोध लागला म्हणून बाईंचा प्रश्न मिटत नाही हां, तिसरा मजला.

---

तिसरा मजला (धागाकर्ता) | रविवार, दुपारी १.१०

आज बैठक झाली. फुगं बदललं, चांदणी रात्री गप्प आहे.

स्वतंत्र मीटरचा विषय बाद झाला. आमच्याकडे प्रत्येक घरात न्हाणीघर, संडास आणि स्वयंपाकघर यांचे उभे नळ वेगवेगळे, म्हणजे एका घराला तीन मीटर, एकूण ७२. रीडिंग कोण घेणार विचारल्यावर सगळे माझ्याकडे बघायला लागले. क्षेत्रफळाचा प्रस्ताव मांडणाऱ्याने स्वतःच मागे घेतला.

मी दूरदेशी आणि पाटाचं पाणी यांचं मिळून एक कडबोळं मांडलं. बिलाचा अर्धा भाग घरटी सारखा, अर्धा माणशी. माणसं किती ते ज्याने त्याने वर्षातून एकदा स्वतः लिहून द्यायचं आणि ती यादी जिन्याखालच्या फळ्यावर लावायची, तपासणी नाही. खडूस, तुमचा अनुभव मी वाचून दाखवला. त्यावर पहिल्या मजल्यावरच्या बाई म्हणाल्या, "फळ्यावर खोटं लिहिलं तर शेजारी वाचतील, तेवढं पुरे." १५ विरुद्ध ६ ने मंजूर, तिघं गैरहजर. सातजणांच्या घराने बाजूने मत दिलं. मला आश्चर्य वाटलं. चांदणी बघितल्यापासून गृहस्थ जरा मवाळ झालेत.

पण उठता उठता त्याच बाईंनी विचारलं, "हे फुगं कधीपासून अडकलं होतं?" कुणालाच सांगता येईना. जुनी बिलं काढली तर तीन वर्षांपूर्वी एका महिन्यात वापर अचानक चढलेला दिसतो, आणि तेव्हा कुणी काही विचारलेलं नाही. बाईंचं म्हणणं, तीन वर्षं गटाराचे पैसे त्यांनी सातजणांच्या बरोबरीने भरले, त्याचा हिशेब कुठल्या पद्धतीने करणार, घरटी की माणशी?

पुढची बैठक पुढच्या रविवारी. सुचवा काहीतरी.

---

कावळ्याची तहान | रविवार, दुपारी १.१४

माणशी करा. आधी गटारात माणसं किती ते मोजून घ्या.

---

नळकरी | रविवार, दुपारी १.४०

ते तुम्ही ठरवा. वरच्या टाकीचं फुगं बघितलं का?